लीथवरचे ऊन

विक्रीच्या यादीत ४१व्या नंबरावर अडकलेले एक गाणे पस्तीस वर्षांहून अधिक काळ लोटला तरी हजारो माणसे तोंडपाठ म्हणतात, आणि म्हणता म्हणता डोळे पुसतात. हे स्कॉटलंड देशात घडते. गाण्याचे नाव 'सनशाईन ऑन लीथ', म्हणजे लीथवर पडलेले ऊन. १९८८ साली ते आले. गाणारे दोघे जुळे भाऊ, क्रेग आणि चार्ली रीड. त्यांच्या जोडीचे नाव 'द प्रोक्लेमर्स'.

आधी लीथ म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. लीथ हे एडिंबरा शहराचे बंदर. १९२० सालापर्यंत ते स्वतंत्र गाव होते. शहरात जायचे का, असे लोकांना विचारले तेव्हा बहुसंख्यांनी चक्क नाही म्हटले. तरी ते शहराला जोडले गेलेच! वस्ती गोदी कामगारांची, खलाशांची, जहाजे बांधणाऱ्यांची. हेन्री रॉब हा तिथला जुना जहाजबांधणीचा कारखाना १९८४ साली बंद पडला. कारखान्याला टाळे लागले की घरोघरच्या चुलींचे काय होते, हे तुम्हांला सांगायला नको. रीड बंधूंचा जन्म १९६२ सालचा, याच लीथमधला.

१९८३ साली त्यांनी ही जोडी जमवली. दोन गळे आणि एक गिटार, एवढेच भांडवल. दोघांच्याही डोळ्यांवर चष्मे, केस साधे, कपडे साधे. त्या काळचे पॉप गायक चकचकीत कपडे घालत, केसांचे मनोरे रचत. त्यामुळे १९८७च्या जानेवारीत हे दोघे 'द ट्यूब' या दूरदर्शन कार्यक्रमात उभे राहिले तेव्हा वेगळेच दिसले, आणि ऐकू तर त्याहून वेगळे आले. ब्रिटनमधला गायक गाताना अमेरिकन धाटणीचे उच्चार काढायचा, ही तेव्हाची रीत होती. हे दोघे मात्र घरात बोलत तसेच गात होते. लंडनच्या प्रतिष्ठित बोलीत शब्दाच्या शेवटचा 'र' गिळतात. स्कॉटिश माणूस तो खणखणीत म्हणतो. तो 'र' टाकून द्या म्हणणाऱ्यांना उत्तर म्हणून त्यांनी एक गाणेच रचले, आणि ते पहिल्याच तबकडीत घातले. त्यांच्या चष्म्यांची आणि बोलीची पुष्कळ टिंगल झाली. पण आपली बोली चारचौघांत दाबून बोलावी लागण्याचे दुखणे ज्याला ठाऊक आहे, त्याला हा 'र' किती मोलाचा होता ते कळेल.

त्याच वर्षीचे 'लेटर फ्रॉम अमेरिका' हे गाणे विक्रीच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर गेले. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या जमीनदारांनी मेंढ्या पाळण्यासाठी कुळांना घरादारांतून हुसकावून लावले. हजारो कुटुंबे जहाजात बसून अमेरिका-कॅनडाकडे गेली. या भावांनी त्या विस्थापनाची गाठ आपल्या काळाशी घातली. लिनवूडचा मोटारींचा कारखाना १९८१ साली बंद झाला, बाथगेटचा ट्रकचा १९८६ साली. त्या गावांची नावे त्यांनी गाण्यात घेतली. नाचायच्या गाण्यात बंद कारखान्यांच्या गावांची नावे! वर्तमानपत्रांतले लेख लोक विसरले असतील, ही नावे विसरलेले नाहीत.

जगाला माहीत आहे ते त्यांचे पाचशे मैल चालण्याचे गाणे. १९८८चे. १९९३ साली एका अमेरिकन चित्रपटामुळे ते अमेरिकेत गाजले, आणि २००७ साली मदतनिधीसाठी विनोदी नटांनी या भावांसोबत ते पुन्हा गायले तेव्हा ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर आले. लग्नात, पार्टीत, सगळीकडे ते वाजते. छानच आहे. पण प्रसिद्धी आणि जिव्हाळा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे मला वाटते. जिव्हाळा लागला तो त्या ४१व्या क्रमांकाच्या गाण्याला.

तो जपला लीथच्या फुटबॉल प्रेमिकांनी. हिबर्नियन हा तिथला क्लब. एडिंबरातल्या गरीब आयरिश स्थलांतरितांनी १८७५ साली तो काढला. तुम्ही आयरिश आहात, स्कॉटिश नाही, असे सांगून फुटबॉल संघटनेने सुरुवातीला त्यांना दारातच अडवले होते. रीड बंधू या क्लबचे भक्त. १९९० साली शहरातल्याच दुसऱ्या क्लबच्या प्रमुखाने हिबर्नियन विकत घेण्याचा घाट घातला, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले, आणि हे भाऊही त्यांच्या बाजूने उभे राहिले. तो बेत फसला.

गाण्यात फुटबॉलचा एक शब्दही नाही. मन मोडलेल्या माणसाने आपल्याला सावरणाऱ्या व्यक्तीचे मानलेले ते आभार आहेत. चाल संथ, जवळजवळ प्रार्थनेसारखी. मैदानावर आरोळ्या ठोकायला तर अगदीच निरुपयोगी! तरीही लोकांनी तेच निवडले.

२१ मे २०१६. ग्लासगोचे हॅम्पडेन पार्क मैदान. स्कॉटिश चषकाचा अंतिम सामना, समोर रेंजर्स. हिबर्नियनने हा चषक शेवटचा जिंकला होता १९०२ साली. आजोबा वाट पाहून गेले, बाप वाट पाहून गेला, अशी घरे लीथमध्ये कमी नव्हती. सामना २-२ असा बरोबरीत. वेळ संपून वाढीव मिनिटे चालू होती, आणि कर्णधार डेव्हिड ग्रेने डोक्याने चेंडू जाळ्यात घातला. ११४ वर्षे संपली. लोक धावत मैदानात घुसले. काही ठिकाणी हाणामारीही झाली, त्याचे समर्थन कोणी करू नये. चषक द्यायला उशीर झाला. मग हजारो गळ्यांतून ते संथ गाणे उठले. बायका, म्हातारे, खांद्यावर पोरे घेतलेले बाप, सगळे हिरवे गळपट्टे वर धरून एका सुरात गात होते. ज्यांच्यासाठी ते गात होते त्यातले पुष्कळजण तो दिवस पाहायला उरले नव्हते.

या गाण्यांवर डंडी शहराच्या नाट्यसंस्थेने २००७ साली संगीत नाटक केले, २०१३ साली त्याचा चित्रपट आला. रीड बंधू मात्र जुन्या गाण्यांच्या कमाईवर बसून राहिलेले नाहीत. २०२२ साली त्यांनी नवी तबकडी काढली. तिचे नाव मराठीत सांगायचे तर 'कवळी काढलेली'! जुने दिवस किती चांगले होते म्हणत उसासे टाकणाऱ्या ब्रिटनला त्यांनी त्यात चांगलेच चिमटे काढले आहेत. चाहत्यांनी तीही ऐकली, आणि जलशाला गेल्यावर 'लीथवरचे ऊन' पुन्हा म्हणून घेतले.