विश्लेषण : ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ आले की सगळ्यांना अ‍ॅडमिन करायचे का?

नगरच्या नेप्ती उपबाजारात कांद्याचा व्यवहार करणाऱ्या ओळखीच्या एका आडत्याच्या पेढीवर दिवाळीनंतर एक गंमत झाली. सकाळी काढलेल्या हिशोबपट्टीवर ‘अहिल्यानगर’ छापून येई आणि संध्याकाळच्या पट्टीवर ‘अहमदनगर’. संगणक एकच, सॉफ्टवेअर एकच, प्रिंटरही एकच. जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये बदलले तरी पट्टीवरचे नाव बदलायचे राहून गेले होते. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला म्हणून पेढीने नवा संगणक घेतला, तेव्हा सकाळी बसणाऱ्या मुलाने सेटिंगमध्ये जाऊन ते नाव बदलले. संध्याकाळच्या मुलाला मात्र जुनेच दिसत राहिले. दोघांनी एकमेकांची चेष्टा केली आणि विषय तिथेच सोडला.

आठ-दहा दिवसांनी पारनेर तालुक्यातले एक शेतकरी ११८४ क्रमांकाची पट्टी घेऊन आले. हमाली-तोलाईची कपात दोनदा झाल्यासारखी वाटते, एवढेच त्यांना विचारायचे होते. संगणकात ११८४ वर दुसऱ्याच माणसाचे नाव, दुसरेच वजन, दुसराच भाव. पट्टीवरचा शिक्का पेढीचा, सही दिवाणजींची, पण व्यवहार मात्र संगणकाच्या लेखी झालेलाच नाही. कांदा तर केव्हाच गाडीत भरून गेलेला. शेतकऱ्याच्या हातात पुरावा म्हणून तो एक कागद होता आणि पेढी म्हणत होती, की असा कागद आमच्याकडे नाही.

सॉफ्टवेअर देणाऱ्याला फोन झाला. त्याने ऑनलाइन येऊन, ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ करून सॉफ्टवेअर उघडले, तर त्याला दोघांच्याही नोंदी दिसेनात. नवा संगणक आला त्या दिवसापर्यंतचाच हिशोब होता. ‘डेटा करप्ट झालाय, फॉरमॅट मारा,’ हा त्याचा सल्ला. तो ऐकला असता तर तीन आठवड्यांच्या पट्ट्या कायमच्या गेल्या असत्या. डेटा जागेवरच होता. एका जागी नव्हता, इतकेच.

एका संगणकात तीन वह्या कशा?

विंडोज एक्सपीच्या काळात छोट्या कार्यालयात संगणकासमोर बसणारा प्रत्येक जण बहुधा अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच असायचा. त्या काळची हिशोबाची सॉफ्टवेअर आपला डेटा आपल्याच फोल्डरात, म्हणजे सी ड्राइव्हवरच्या ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये ठेवत. कोणी अडवत नव्हते. जानेवारी २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा बाजारात आले आणि त्यासोबत ‘यूजर अकाउंट कंट्रोल’. स्क्रीन काळवंडून ‘परवानगी द्यायची का?’ असे विचारणारी चौकट तेव्हापासूनची. साध्या यूजरला ‘प्रोग्रॅम फाइल्स’मधले सॉफ्टवेअर चालवता येईल, तिथे लिहिता येणार नाही, हा नियम या व्यवस्थेने खऱ्या अर्थाने लागू केला.

नियम रास्त होता, पण त्याने जुनी सॉफ्टवेअर बंद पडली असती. म्हणून मायक्रोसॉफ्टने एक तात्पुरती पळवाट ठेवली. जुने सॉफ्टवेअर तिथे लिहायला गेले की विंडोज त्याला नाही म्हणत नाही. त्या फाइलची एक प्रत गुपचूप त्या यूजरच्या खात्यात काढते आणि लिखाण त्या प्रतीत होते. सातबाऱ्यावर खाडाखोड करायला तलाठी देणार नाहीत. पण समजा त्यांनी न सांगता प्रत्येकाच्या हातात झेरॉक्स दिली आणि प्रत्येक जण तीच मूळ प्रत समजून त्यावर नोंदी करत बसला, तर जे होईल ते इथे झाले. सकाळच्या मुलाची एक प्रत, संध्याकाळच्याची दुसरी. पट्टीचा क्रमांक दोन्हींकडे आपापला पुढे सरकत राहिला. आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडले की दिसते मूळ प्रत, तिला तर कोणी हातच लावलेला नव्हता.

या झेरॉक्स प्रती जिथे जातात त्या फोल्डरचे नाव ‘व्हर्च्युअलस्टोअर’. सी ड्राइव्ह, यूजर्स, त्या यूजरचे नाव, अ‍ॅपडेटा, लोकल अशा क्रमाने गेलात की तो सापडतो. अ‍ॅपडेटा लपवलेला असतो. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘हिडन आयटम्स’वर टिक करावी लागते. तुमच्या कार्यालयात ‘काल भरलेल्या नोंदी आज दिसत नाहीत’ अशी तक्रार असेल, तर फॉरमॅटच्या आधी हा फोल्डर बघा.

नव्या सॉफ्टवेअरला ही पळवाट मिळत नाही. ते सरळ ‘अ‍ॅक्सेस इज डिनाइड’ म्हणून थांबते. लोक वैतागतात. मला मात्र ती चौकट जास्त प्रामाणिक वाटते. निदान गोंधळ तरी लपून राहत नाही.

मग अ‍ॅडमिन केले की भागत नाही का?

भागते, त्या दिवसापुरते. म्हणूनच हा उपाय नगरच्या मार्केट यार्डापासून नागापूर, सुप्याच्या एमआयडीसीपर्यंत सगळीकडे रुळला आहे. टॅली असो, जीएसटीचे काही असो, मराठी फॉन्ट असो. काही अडले की सगळ्यांना अ‍ॅडमिन करा, यूएसी बंद करा, अँटिव्हायरस बंद करा. सॉफ्टवेअर बसवणाऱ्याला पुढच्या ठिकाणी जायचे असते आणि तुम्हाला वीस तारखेच्या आत ३-बी भरायचे असते. घाई दोघांनाही असते, त्यामुळे कोणा एकाला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण उपाय चुकीचा आहे.

अडचण यूजरच्या दर्जाची नसते, बहुतेक वेळा ती फोल्डरची असते. दिवाणजींना एका कपाटात वही ठेवायची आहे म्हणून त्यांच्या हाती सगळ्या पेढीच्या किल्ल्या कोणी देत नाही. संगणकावर मात्र आपण नेमके तेच करतो. मग त्याच अ‍ॅडमिन खात्यातून ई-मेल उघडले जाते, बिल म्हणून आलेली फाइल दाबली जाते, पेनड्राइव्हवरची गाणी ऐकली जातात. पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत ऑगस्ट २०१८ मध्ये मालवेअर घुसवून सुमारे ९४ कोटी रुपये लांबवले गेले, तो फार तयारीने केलेला हल्ला होता; आडत पेढीसाठी एवढे कष्ट कोणी घेणार नाही. इथे येते ते फायली कुलूपबंद करून पैसे मागणारे रॅन्समवेअर, आणि ते कोणाचे तोंड बघून येत नाही. साधा यूजर ठेवला म्हणजे तुम्ही सुटलात असेही नाही. ज्या फोल्डरात त्याला लिहिता येते, त्या फायली रॅन्समवेअरलाही बिघडवता येतात. पण विंडोजने ठेवलेल्या जुन्या प्रती पुसणे, अँटिव्हायरस बंद पाडणे यासाठी त्याला अ‍ॅडमिनचे बळ लागते. ते आपण आयते का द्यायचे?

‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ची आणखी एक खोड आहे. दुसऱ्या संगणकावरचा डेटा ‘झेड ड्राइव्ह’ म्हणून जोडलेला असेल, तर अ‍ॅडमिन म्हणून उघडलेल्या सॉफ्टवेअरला तो ड्राइव्ह सहसा दिसतच नाही. विंडोज त्या दोन उघडण्यांना दोन वेगळ्या माणसांसारखे वागवते. वायर बदलली, राउटर बदलला, तरी कंपनी दिसत नाही, अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी हे तपासावे.

अपवाद आहेत, तेही सांगायला हवेत. सॉफ्टवेअर पहिल्यांदा बसवताना अ‍ॅडमिनची परवानगी लागतेच. ‘एरर १९२५’ आला तर सगळ्या यूजरसाठी बसवण्याइतका अधिकार तुमच्याकडे नाही, एवढाच त्याचा अर्थ. डिजिटल सहीने जीएसटी पोर्टलवर काम करताना लागणारे एमसायनर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, असे पोर्टलच्या सूचनांतच आहे. तिथे तसेच करावे. एका कामासाठी दिलेली परवानगी वेगळी आणि माणसाला दिवसभर अ‍ॅडमिन करून ठेवणे वेगळे.

परवानगी द्यायची कुठे?

डेटा ‘प्रोग्रॅम फाइल्स’मधून बाहेर काढा. डी ड्राइव्हवर एक फोल्डर करा, सॉफ्टवेअरमध्ये डेटाचा मार्ग बदलून तिकडे वळवा. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मार्ग बदलता येत नसेल, तर बनवणाऱ्याला विचारा. त्याला ते जमत नसेल तर त्याच्या वार्षिक देखभालीचे पैसे कशासाठी भरता, हाही प्रश्न विचारा. मग त्या फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, एडिट. तिथे ज्यांना काम करायचे आहे त्यांची नावे घालून ‘मॉडिफाय’वर टिक करा. ‘फुल कंट्रोल’ नको. फुल कंट्रोलमध्ये परवानग्याच बदलण्याचा अधिकार जातो आणि हिशोब लिहायला तो लागत नाही. सॉफ्टवेअरच्या मूळ फोल्डरला हात लावू नका. तिथे साध्या यूजरला लिहिता आले तर व्हायरसला मूळ प्रोग्रॅमच बदलता येतो.

दोन-तीन संगणक जोडलेले असतील तर दारे दोन आहेत, हे विसरले जाते. ‘शेअरिंग’मधली परवानगी वेगळी आणि ‘सिक्युरिटी’मधली वेगळी. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही ओलांडावी लागतात आणि जे कडक असेल ते चालते. शेअरिंगला सगळे मोकळे करूनही ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ येते, त्याचे कारण बहुधा दुसऱ्या दारात असते.

बाकी लहान-सहान गोष्टी. इंटरनेटवरून उतरवलेली फाइल उघडत नसेल तर तिच्या प्रॉपर्टीजमध्ये खाली ‘अनब्लॉक’ दिसते का बघा, पण फाइल खात्रीच्या जागेवरून आली असेल तरच. विंडोजचे ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ चालू असेल तर डॉक्युमेंट्समध्ये डेटा ठेवणारे सॉफ्टवेअर अडते. तेव्हा ते संरक्षण बंद न करता तेवढ्या सॉफ्टवेअरला परवानगी द्या. मराठी फॉन्ट एका लॉगिनला दिसतो आणि दुसऱ्याला नाही, असे असेल तर तो ‘इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स’ने पुन्हा टाका.

हे सगळे झाले की एका लॉगिनमधून एक खोटी नोंद करा, लॉग ऑफ व्हा, दुसऱ्या लॉगिनमधून ती दिसते का बघा आणि मग पुसा. पाच मिनिटांचे काम आहे. पेढीवर ते झाले असते तर ११८४ चा घोळ पहिल्याच दिवशी कळला असता.

पासवर्ड कोणाकडे?

माझ्या मते खरा प्रश्न इथे आहे. साधे यूजर केले की अ‍ॅडमिनचा पासवर्ड कोणाकडे तरी ठेवावा लागतो, आणि आपल्याकडे तो सॉफ्टवेअरवाल्याच्या मुलाकडे असतो. तो मुलगा नोकरी बदलून चाकणला गेला की कार्यालय आपल्याच संगणकाबाहेर. हा जिल्हा सहकाराचा आहे. पतसंस्था, सोसायट्या, दूध संस्था यांच्या कपाटांची व्यवस्था आपल्याला चांगली ठाऊक आहे. तिजोरीच्या दोन किल्ल्या, एक व्यवस्थापकाकडे, एक कॅशियरकडे, हे शिकवायला कोणाला बाहेरून यावे लागले नाही. पासवर्डला तोच नियम लावायला काय हरकत आहे? कागदावर लिहून, पाकीट मोहोरबंद करून तिजोरीत ठेवायचे, उघडले तर रजिस्टरला कोणी, कधी, कशासाठी याची नोंद करायची आणि काम झाले की पासवर्ड बदलायचा.

प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची योजना केंद्राने जून २०२२ मध्ये मंजूर केली, ६३ हजार संस्था आणि २,५१६ कोटी रुपयांची. यंत्रे येतात, सॉफ्टवेअर येते, प्रशिक्षणात नोंदी कशा करायच्या ते शिकवतात. अ‍ॅडमिनचे खाते कोणाच्या नावावर राहील, हे गटसचिवांनी पहिल्याच दिवशी विचारून लिहून घ्यावे.

कंपन्यांना तर १ एप्रिल २०२३ पासून, प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे, म्हणजे ऑडिट ट्रेल असलेलेच हिशोबाचे सॉफ्टवेअर वापरावे लागते. एमआयडीसीतल्या छोट्या प्रायव्हेट लिमिटेडनाही हे लागू आहे. सगळे एकाच लॉगिनने बसत असतील तर त्या नोंदीत कोणाचे नाव दिसणार? आणि विंडोजचा अ‍ॅडमिन असलेला माणूस संगणकाची तारीख मागे घेऊ शकतो, जुना बॅकअप नव्यावर टाकू शकतो. सॉफ्टवेअर कितीही चांगले असले तरी खालची जमीन त्याच्या हातात राहते.

पेढीवर शेवटी दोन रात्री बसावे लागले. तिन्ही प्रती आधी पेनड्राइव्हवर घेतल्या. मग छापील पट्ट्यांच्या स्थळप्रती समोर ठेवून एकेक नोंद एका फोल्डरात आणली. दोनदा आलेल्या क्रमांकांपुढे ‘अ’ लावला. आता दोन्ही मुले साधे यूजर आहेत, डेटा डी ड्राइव्हवर आहे आणि पट्टीवर दोन्ही वेळा अहिल्यानगरच येते. पारनेरच्या त्या शेतकऱ्यांची पट्टी ११८४-अ झाली. हमाली खरेच दोनदा लागली होती. दिवाणजींनी ती त्यांना परत दिली.