विश्लेषण : कथा लिहायला शिकता येते का? वाचन, सराव आणि ‘साभार परत’चे महत्त्व

मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. जुन्या ग्रंथांचे मोल त्यातून मान्य झाले; पण पुढची कथा-कादंबरी लिहिणारे कुठे आणि कसे घडणार, हा प्रश्न उरतोच. आज मोबाइलवर लिहिलेली कथा त्याच रात्री हजारो वाचकांपर्यंत पोहोचू शकते. लिहिणारे वाढले, हे चांगलेच झाले. मात्र लिहिणाऱ्याला लेखक करणारा एक टप्पा या घाईत गळून पडतो आहे.

लेखक जन्मावाच लागतो का?

अण्णा भाऊ साठे यांच्या वाट्याला शाळा जवळजवळ आलीच नाही. मुंबईत मिळेल ते काम करत त्यांनी वाचन वाढवले, पोवाडे आणि लोकनाट्ये लिहिली. १९५९ मध्ये त्यांची ‘फकिरा’ आली. व्यंकटेश माडगूळकर यांचेही शालेय शिक्षण पूर्ण झाले नव्हते. पाश्चात्त्य लेखक वाचता यावेत म्हणून ते स्वतःच इंग्रजी शिकले. ‘माणदेशी माणसं’ १९४९ मध्ये आले आणि ‘बनगरवाडी’ १९५५ मध्ये. दोघांकडेही उपजत प्रतिभा होतीच. पण प्रतिभा वाढवणे कुणाच्या हाती नसते, वाचन आणि सराव असतो.

लेखकाचे वाचन वेगळे कसे?

वाचक कथेत काय घडले ते पाहतो, लिहिणाऱ्याला ते कसे घडवले हेही पाहावे लागते. कोणती माहिती पहिल्या पानावर दिली, कोणती राखून ठेवली, गोष्ट कुणाच्या नजरेतून सांगितली, पात्राने काय बोलायचे टाळले, हे दुसऱ्या-तिसऱ्या वाचनात दिसू लागते. धारवाडला इंग्रजी शिकवणाऱ्या जी. ए. कुलकर्णी यांनी कॉनरॅड रिक्टर यांच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या. भाषांतर हे सर्वांत संथ वाचन, कारण त्यात प्रत्येक वाक्यापाशी थांबावेच लागते. भाषांतर जमत नसेल, तर सोपा उपाय आहे. आवडती कथा घ्यावी आणि तिचा प्रत्येक परिच्छेद नेमके काय काम करतो, हे समासात एका ओळीत लिहावे. बंद पडलेला रेडिओ खोलून पाहणाऱ्याला जे कळते, ते नुसता ऐकणाऱ्याला कळत नाही.

सराव म्हणजे रोज हजार शब्द?

भरपूर लिहिणे हा सरावाचा अर्धा भाग. आंतोन चेखव यांनी वैद्यकीय शिक्षण घेताना घरखर्चासाठी विनोदी नियतकालिकांत शेकडो छोटे लेख आणि कथा लिहिल्या. १८८६ मध्ये ज्येष्ठ लेखक ग्रिगोरोविच यांनी पत्र लिहून, ही घाई सोडा आणि आपल्या गुणांचा मान राखा, असे त्यांना सुचवले. चेखव यांनी ते मनावर घेतले. उरलेला अर्धा भाग पुनर्लेखनाचा. ‘अ फेअरवेल टू आर्म्स’चा शेवट आपण ३९ वेळा लिहिला, असे हेमिंग्वे यांनी सांगितले होते. २०१२ च्या आवृत्तीत असे ४७ शेवट छापले गेले.

मग अडते कुठे?

चेखव यांना आलेल्या पत्रासारखे पत्र आज येत नाही, तिथे. ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांशी पत्रांतून कथेची चर्चा करत, बदल सुचवत. १९८२ मध्ये ते मासिक बंद झाले. त्या काळाचे गोडवे गाण्याची मात्र गरज नाही. ठरावीक अभिरुचीची ही मक्तेदारी आहे, हा आक्षेप तेव्हाही होता आणि साठच्या दशकातल्या अनियतकालिकांच्या चळवळीमागे तो रागही होता. दार अडवणारा संपादक गेला, ते बरेच झाले. त्याच्याबरोबर चूक दाखवणारा संपादकही गेला, हे नुकसान आहे.

अ‍ॅपवरचे ‘लाइक’ कथा आवडल्याचे सांगतात, ती कुठे ढासळली ते सांगत नाहीत. ‘पुढचा भाग कधी?’ या प्रतिक्रियेने लेखक भाग वाढवत जातो, कथा कसत नाही. एआयकडून शेवट लिहून घेतला, तर कथा पूर्ण होईल. पण तो शेवट शोधताना जे शिकायचे होते, ते राहून जाईल.

उपाय काय?

‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये सुरू केलेली दिवाळी अंकांची परंपरा अजून टिकून आहे. प्रत्येक अंकाने दरवर्षी पाच नवोदितांच्या कथा शेऱ्यांसह परत पाठवल्या आणि सुधारून मागवल्या, तरी पुष्कळ होईल. गावोगावच्या वाचनालयांत चार-पाच जणांचे गट जमू शकतात. नियम एकच हवा: लेखकाने गप्प बसायचे आणि बाकीच्यांनी लक्ष कुठे उडाले ते सांगायचे. लेखन कार्यशाळेचे शुल्क भरण्याआधी, ‘माझा मसुदा कितीदा वाचला जाईल?’ हे विचारावे. उत्तर ‘एकदाही नाही’ असेल, तर त्या पैशांत पुस्तके घ्यावीत.

नवोदिताने तरी लिहिलेली कथा महिनाभर बाजूला ठेवून पुन्हा वाचावी. ‘प्रकाशित करा’चे बटण तेव्हाही तिथेच असेल.