जॅकेट घाल की रे!

वीकएन्डचा बेत ठरवण्यात आपल्यासारखे आपणच. मांडव्याला उतरल्यावर रिक्षा कुठली, अलिबागला मासे कुठे खायचे, घारापुरीत फोटो कुठे काढायचे, सगळं पाठ. फक्त मधला तासभर पाण्यावर काढायचा असतो, त्याचा विचार कुणीच करत नाही. समोर डबा आला की लोकल पकडावी तशी आपण लाँच पकडतो.

पण बॉस, मुंबई बंदर हा काही तलाव नाही. कंटेनरची जहाजं, तेलाचे टँकर, नौदलाच्या बोटी, मच्छीमार, स्पीडबोटी आणि मधूनच आपली लाँच. मोठ्या जहाजाला ब्रेक नसतो. इंजिन बंद केलं तरी ते बराच वेळ पुढे सरकतच राहतं. खोल पाण्याच्या ठरलेल्या वाटेबाहेर त्याला वळताही येत नाही.

१८ डिसेंबर २०२४ची दुपार आठवा. घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ लाँचवर नौदलाची स्पीडबोट आदळली. तिच्या इंजिनाची चाचणी चालू होती, ताबा सुटला. १५ जणांचा जीव गेला. लाँचला परवानगी ८४ प्रवाशांची, आत माणसं शंभरावर. आणि अनेकांच्या अंगात जॅकेटच नव्हतं. त्याआधी मार्च २०२०मध्ये मांडव्याजवळ एक बोट बुडाली होती. गस्तीवरच्या पोलिसांची बोट वेळेत पोचली, म्हणून ८८ जण वाचले. दर वेळी असं नशीब कुठून आणायचं?

म्हणून आमच्या ग्रुपचे काही नियम मी ठरवून टाकलेत.

जॅकेट बसल्या बसल्या घालायचं, पट्टे आवळून. पाण्यात पडल्यावर ते शोधायला आणि बांधायला वेळ मिळत नाही. बरोबर पोरं असतील तर त्यांच्या मापाचं मागून घ्यायचं. मोठ्यांचं जॅकेट त्यांच्या डोक्यावरून निसटतं.

बोट ठासून भरलेली दिसली तर पुढची पकडायची. अर्धा तास उशिराने मासे पळून जात नाहीत.

धक्क्याच्या पायरीवरून बोटीत पाय टाकताना मोबाइल खिशात. बोट वर-खाली होते, मधल्या फटीत पाय सापडला की संपलं. खलाशाने पुढे केलेला हात धरायचा, त्यात लाज कसली?

सीगलना खाऊ घालायला सगळ्यांनी एकाच बाजूला धावायचं नाही. वरच्या डेकवर तर मुळीच नाही. वजन एकीकडे गेलं की बोट कलते.

आणि मोबाइलमध्ये १५५४ सेव्ह करून ठेवा. समुद्रातल्या मदतीसाठी हा तटरक्षक दलाचा नंबर. ११२ आहेच.

भगव्या जॅकेटमध्ये फोटो बरा येत नाही, अशी आमच्यातल्या एकीची तक्रार आहे. येऊ दे की वाईट! सोमवारी ऑफिसात तोच फोटो दाखवायला ती असणार, हे महत्त्वाचं.