बल्ब विकू नका, दोष शोधा

अँबॅसॅडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. पण जपून ठेवलेल्या गाड्या आजही गॅरेजात येतात. हेडलाइट मंद असल्याची तक्रार आली की काही कारागीर बंधू १०० वॅटचे बल्ब बसवून मोकळे होतात. आमच्या मते हा इलाज नव्हे. ६० वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर १० अँपिअर ओढतात, १०० वॅटचे दोन १६ हून अधिक. जुनी वायर तापते, स्विच जळतो.

आधी दिवा चालू ठेवून मल्टिमीटर लावावा. एक टोक बॅटरीच्या अर्थच्या बाजूला, दुसरे दिव्याच्या अर्थला. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसले तर अर्थ खराब. गंज घासून जोड घट्ट करावा. अर्थ ठीक असेल तर स्विच, डीपर व सॉकेट तपासावे. गरज पडल्यास रिले बसवावा. दिव्यापाशी व्होल्टेज १० टक्के घटले तर उजेड सुमारे ३० टक्के घटतो!

या कामात सामान थोडे, वेळ जास्त. म्हणून दोष शोधण्याची मजुरी उघडपणे घ्या, बिलावर तशी लिहा. ग्राहकांनीही ती खुशीने द्यावी. नको असलेला बल्ब गळ्यात मारण्याचा नफा एकदाच मिळतो, विश्वासाचे गिऱ्हाईक मात्र पुन्हा येते.