‘साठी बुद्धी नाठी’ : एका म्हणीविरुद्ध

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण वर्गात शिकवतो, तिचा अर्थ लिहून देतो आणि पुढच्या म्हणीकडे वळतो. या तीन शब्दांत एक वैद्यकीय विधान दडलेले आहे आणि ते चुकीचे आहे, हे सांगावे असे आपल्याला क्वचितच वाटते. लोकवाङ्मय म्हटले की आपली चिकित्सा थांबते. या म्हणीपुरती तरी ती थांबू नये, कारण तिची किंमत आपल्याच घरांतली वृद्ध माणसे मोजत आहेत.

वयाबरोबर मेंदूचा वेग मंदावतो, ओळखीचे नाव ओठांवर येऊन अडते. एवढे स्वाभाविक आहे. परंतु रोजच्या पायवाटेवर स्वतःचे घर न सापडणे, पोटच्या मुलीला न ओळखणे हा वयाचा धर्म नव्हे. तो आजार आहे. देशव्यापी वृद्धत्व-अभ्यासाच्या आधारे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठीपुढील ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना, स्मृतिभ्रंश आहे. याचा अर्थ शंभरांतील ब्याण्णवांहून अधिकांना तो नाही. म्हण इथेच कोसळते. पण त्याच आकड्यांचा पुढचा भाग अधिक अस्वस्थ करणारा आहे. हे प्रमाण पुरुषांत ५.८ तर स्त्रियांत ९ टक्के, शहरांत ५.३ तर खेड्यांत ८.४ टक्के आढळले. शाळा न पाहिलेल्यांत ते शिकलेल्यांपेक्षा जास्त आहे. साठी सर्वांनाच येते. बुद्धीवरचा घाला मात्र सर्वांवर सारखा पडत नाही.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली टाळता येण्याजोगे चौदा धोके नोंदवले. ते सर्व दूर झाले तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकेल किंवा लांबणीवर पडू शकेल, असा त्या आयोगाचा हिशेब आहे. अपुरे शिक्षण, बहिरेपण, अधू दृष्टी, उच्च रक्तदाब, मधुमेह, नैराश्य, धूम्रपान, एकाकीपणा, हवेचे प्रदूषण ही त्यांतली काही नावे. ही यादी हिंगोली जिल्ह्यासमोर ठेवून वाचावी. आज ऐंशीच्या घरात असलेली इथली स्त्री निजामाच्या राज्यात जन्मली. १९५१ साली हैदराबाद राज्यात दहांतील एकाहूनही कमी लोक साक्षर होते. खेड्यातल्या मुलीचा वाटा त्यात किती असेल, याची कल्पना करता येते. जन्मभर ती चुलीच्या धुरात बसली. आता तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, कानांना ऐकू येत नाही, मुलगा पुण्याकडे कामाला किंवा ऊसतोडीला गेला आहे. ती प्रश्नाचे भलतेच उत्तर देते तेव्हा आपण म्हणतो, “म्हातारीला आता काही कळत नाही.” तिला प्रश्न ऐकू तरी आला होता का, हे कोण विचारतो?

दुसरी समजूत खास आपल्या मुलखाची आहे. वसमत आणि हिंगोलीच्या बाजारपेठा हळदीच्या. भारतीय माणूस रोज हळद खातो म्हणून त्याला हा आजार होत नाही, असे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. हळदीतील कर्क्युमिनचे उंदरांवरचे प्रयोग आशादायक ठरले, हे खरे. पण माणसांवरील चाचण्यांतून ती आशा सिद्ध झालेली नाही. ८८ लाखांचा अंदाज हळद खाणाऱ्या देशाचाच आहे. हळद पिकवणाऱ्या शेतकऱ्याला चांगला भाव मिळावाच. पण त्यासाठी त्याच्या आईच्या आजारावर पांघरूण घालण्याची गरज नाही.

तिसरी समजूत आपल्या, म्हणजे साहित्याच्या अध्यापकांच्या, जिव्हाळ्याची. निरक्षर आजीला शेकडो ओव्या पाठ असत, तिच्या स्मरणशक्तीला शाळेची गरज काय, असे आपण चर्चासत्रांत गहिवरून बोलतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांच्या प्रकल्पाने लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ते वैभव निर्विवाद आहे. पण वैभव होते म्हणून वंचना नव्हती, असे ठरत नाही. बालपणीचे शिक्षण मेंदूला जी शिल्लक देते, ती म्हातारपणी उपयोगी पडते. ही शिल्लक या स्त्रियांना नाकारली गेली, आणि त्या नकारालाच आपण परंपरेचे गोंडस नाव देतो.

याच नाण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. १९७५ साली अमेरिकेत तयार झालेली, जगभर वापरली जाणारी स्मरण-चाचणी माणसाला लिहायला आणि वाचायला लावते. जिने पाटी हातात धरली नाही, ती अशा चाचणीत आजाराशिवायही नापास होणारच. हे ओळखून हरियाणातील बल्लभगढ परिसरात १९९०च्या दशकात निरक्षरांसाठी हिंदी चाचणी घडवली गेली. तिथे अक्षरांऐवजी बोलण्याला आणि अनुकरणाला जागा मिळाली. २०१३ साली हैदराबादच्या निजाम्स इन्स्टिट्यूटमधील ६४८ रुग्णांच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली : एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाची लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसली, आणि हा फरक निरक्षरांतही होता. पुढच्या सगळ्या अभ्यासांनी याला दुजोरा दिलेला नाही, तेव्हा हर्षवायू नको. तरीही मराठी, दखनी, गोरमाटी एकाच बाजारात बोलणाऱ्या आपल्या माणसांना ‘अडाणी’ म्हणण्यापूर्वी थांबावे, इतके बळ त्यात आहे.

आता आपल्या साहित्याकडे पाहू. ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आले, आणि वृद्धत्वाचे दुःख म्हणजे मुलांची कृतघ्नता, हे समीकरण आपल्या मनात पक्के झाले. मेंदूचा आजार त्या समीकरणात बसत नाही. तिथे कोणी खलनायक नसतो. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ने तो विषय थेट हाताळला. त्यातला स्मृती हरवलेला माणूस संस्कृतचा पंडित आहे, आणि त्याला आईच्या मायेने सांभाळते ती माहुताची बायको. चित्रपटाने दाखवलेले हे नाते आपल्या चर्चेत किती आले? आपण पंडिताच्या हरवलेल्या श्लोकांसाठी हळहळलो. माहुताच्या बायकोची स्मृती उद्या गेली, तर त्यात आपल्याला शोकांतिका दिसेल काय?

‘लीळाचरित्र’ आपण मराठी गद्याचा आरंभ म्हणून शिकवतो. म्हाइंभटांनी काय केले? ज्यांनी चक्रधरांना पाहिले-ऐकले होते, त्यांच्याकडे ते गेले आणि आठवणी विचारत राहिले. माणसाच्या स्मृतीपुढे धीराने बसण्याच्या या रीतीतून आपले गद्य उभे राहिले. ज्या विषयाचा पाया असा आहे, त्याच्या अध्यापकांनी म्हाताऱ्या माणसाच्या उत्तराची दोन मिनिटेही वाट पाहू नये?

म्हण अभ्यासक्रमातून वगळा, असे माझे म्हणणे नाही. ती शिकवावी, पण ती काय लपवते तेही शिकवावे. आपले विद्यार्थी लोकगीतांच्या संकलनासाठी नरसी, औंढा, कळमनुरीच्या आसपासच्या खेड्यांत जातात, वृद्धांसमोर तासन्‌तास बसतात. ओवी अर्ध्यावर तुटली, तेच वाक्य पुन्हा पुन्हा आले, तर त्यांनी वहीत ‘स्मरण क्षीण’ असा शेरा मारून उठू नये. त्यांना ऐकू येते का, दिसते का, हे पाहावे आणि घरच्यांना सरकारी दवाखान्याची वाट दाखवावी. थायरॉइडचा विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य, झोपेच्या गोळ्या यांमुळेही माणूस विसरू लागतो, आणि वेळीच उपचार झाले तर यातले बरेचसे विसरणे सुधारते. म्हणीवर विश्वास ठेवणारे घर मात्र त्या म्हातारीला दवाखान्यात नेतच नाही.