फुकटाची फेक आणि प्रसादाची पंगत

आमच्या चिकोडी-निपाणीच्या बाजूस भाषेवरून पुष्कळ वाद झाले, आणि ते अजून मिटलेले नाहीत. परंतु एका शब्दाविषयी येथे सर्वांचे एकमत आहे. मराठी माणूस त्यास फुकट म्हणतो, कोंकणी माणूसही फुकटच म्हणतो, आणि आमचा कन्नड शेजारी पुक्कटे म्हणतो. हा शब्द कानी पडताच तिघांचेही पाय एकाच वेगाने धावू लागतात. ही धाव अलीकडे फुटबॉलच्या मैदानावर पोहोचली आहे, म्हणून तिच्याविषयी चार शब्द स्पष्टपणे लिहिणे आम्हांस आवश्यक वाटते.

फुटबॉलविषयी आमच्या मनात लवमात्र आकस नाही. निपाणीहून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर. तेथील शाहू स्टेडियमवर तालमी-तालमींचे संघ उतरले म्हणजे आमच्याकडील तरुणांचेही चित्त थाऱ्यावर राहत नाही. गोव्यात तर हा खेळ देवळाच्या जत्रेइतकाच घरोघर मुरलेला आहे. आमची तक्रार खेळाविषयी नाही; खेळाच्या नावाने जी फेकाफेक चालते, तिच्याविषयी आहे.

गेल्या थंडीत आमच्या भागातील एका गावी आम्ही सामना पाहावयास गेलो होतो. मध्यंतर झाले, आणि एक उघडी जीप मैदानात शिरली. तीत उभे राहून चार तरुण छापील सदरे आणि टोप्या गर्दीवर भिरकावू लागले. सदऱ्यावर पुढे एका पुढाऱ्याची छबी, मागे एका दुकानाचे नाव. क्षणार्धात दोर तुटला आणि लोक मैदानात घुसले. पंच शिट्ट्या वाजवीत होता. खेळाडू कमरेवर हात ठेवून बाजूला उभे होते. सात-आठ वर्षांचा एक मुलगा पायांखाली आला. त्याला उचलले ते एका खेळाडूने. मुलाचा हात मोडला होता. त्याच वेळी, देवळातील समाराधनेत जे गृहस्थ सोवळे नेसून अत्यंत शांतपणे वाढप करतात, ते काखेत दोन सदरे दाबून तिसऱ्यासाठी एका पोराशी झोंबत असलेले आम्ही पाहिले. आणि लपवावे कशास? एक टोपी आमच्याही हाती आली होती. ती आम्ही झेलली, हे खरे आहे. घरी आल्यावर तिच्याकडे पाहवेना.

कोणी म्हणेल, ‘एका मुलाचा हात मोडला, त्याचे एवढे काय?’ त्यांनी ४ जून २०२५ चा दिवस आठवावा. बंगळूरच्या क्रिकेट संघाने आदल्या दिवशी विजेतेपद मिळविले होते. चिन्नास्वामी मैदानावर सत्कार ठरला. प्रवेशाचे पास फुकट, पण मर्यादित, असे जाहीर झाले. सुमारे ३५ हजार माणसांच्या जागेसाठी लाखोंचा लोंढा लोटला. दाराशी चेंगराचेंगरी होऊन ११ जीव गेले; त्यांत शाळकरी मुलगीही होती. ‘फुकट’ हा एक शब्द आणि ‘मर्यादित’ हा दुसरा. हे दोन एकत्र आले आणि कोणास मिळणार, कसे मिळणार, हे मात्र कोणी नीट सांगितले नाही, म्हणजे मागचा माणूस पुढच्यास रेटणारच. पुढच्यावर काय प्रसंग ओढवला आहे, हे मागच्यास दिसत नाही.

ही गोष्ट नवी नव्हे. इंग्लंडातील संडरलंड गावी १६ जून १८८३ रोजी मुलांचा एक खेळ झाला. शेवटी रंगमंचावरून खालच्या मुलांस बक्षिसे वाटू लागले. माडीवरील मुलांना वाटले, आपणांस काहीच उरणार नाही. ती जिन्याने धावत सुटली. खालचे दार एका वेळी एकच मूल जाईल इतकेच उघडे ठेवून खिळ घातलेली होती. १८३ मुले त्या जिन्यात गुदमरून मेली. बक्षीस देणाऱ्याच्या मनात कपट होते, असे कोणीच म्हणणार नाही. परंतु देण्याची रीत चुकली.

आमचे वाचक देवळाशी बांधलेले आहेत, म्हणून ते म्हणतील, ‘हे मैदानावरचे प्रकार, आमच्याकडे असे होत नाही.’ तसे म्हणण्याची सोय आम्हांस उरलेली नाही. ८ जानेवारी २०२५ रोजी खुद्द तिरुपती येथे वैकुंठद्वार दर्शनाचे मोफत टोकन घेण्यासाठी उसळलेल्या गर्दीत सहा भाविक मृत्यू पावले. तेव्हा दोष मैदानाचा नाही आणि भक्तीचाही नाही. तो घेणाऱ्याच्या हावेचा आणि देणाऱ्याच्या बेफिकिरीचा आहे.

तरीही शिकावयाचे ते आम्हांस आमच्या पंगतीपासूनच शिकता येईल. पंगतीत पान आधी मांडतात, माणूस मग बसतो. मुले आणि वृद्ध ह्यांची सोय प्रथम पाहतात. वाढणारा वाकतो, उभ्याने कोणी भाताचे मूद फेकीत नाही. घेणारा तीर्थ उजव्या तळहातावर घेतो आणि दुसऱ्यासाठी जागा करून देतो. पहिली पंगत उठेपर्यंत दुसरीचे लोक ओसरीवर थांबतात, कारण आपणांसही मिळेल असा त्यांस भरवसा असतो. हा भरवसा हेच सगळ्या शिस्तीचे मूळ होय. तो मैदानावर कोणी निर्माण केला आहे काय?

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेडीच्या आशेने दिलेले ते राजस, आणि घेणाऱ्याचा अनादर करून दिलेले ते तामस. छबी छापलेला सदरा माणसांच्या डोक्यावर भिरकावणे, ह्यात दोन्ही दोष एकत्र येतात. तो दान नव्हे. ती जाहिरात आहे, आणि तिची मजुरी म्हणून आमचा स्वाभिमान घेतला जातो.

‘गरिबाच्या अंगावर एक सदरा चढतो, तुमचे काय बिघडले?’ असा एक आक्षेप आम्ही ऐकला आहे. त्यास आमचे उत्तर असे की, फेकलेली वस्तू गरिबास मिळत नाही; ती दांडगटास मिळते. गरिबास द्यावयाची असेल तर त्याच्या हाती द्यावी. दुसरा आक्षेप उत्साहाचा. उत्साह कोणास नको? पण १० ऑगस्ट १९९५ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे बेसबॉलच्या प्रेक्षकांस दारातच एकेक चेंडू भेट दिला, आणि पंचांवर रागावून त्यांनी तेच चेंडू मैदानात फेकले. अखेर त्यांच्याच संघास सामना गमवावा लागला. उलट जपानचे प्रेक्षक विश्वचषकाच्या सामन्यांत निळ्या पिशव्या फडकावून आपल्या संघास चेतवितात आणि सामना संपताच त्याच पिशव्यांत बाकांखालचा कचरा भरतात. उत्साह दोन्हीकडे होता. फरक वळणाचा होता.

म्हणून सामने भरविणाऱ्या मंडळींस आमचे निक्षून सांगणे आहे. काही वाटावयाचे असेल तर ते प्रवेशद्वारी, रांगेने, हातात द्या. वस्तू किती आहेत हे आधी सांगा. कमी असतील तर चिठ्ठ्या टाका. लहान मुलांस प्रथम द्या. खेळ चालू असता किंवा मध्यंतरी मैदानात गाडी आणू नका, आणि कोणतीही वस्तू फेकू नका.

आणि प्रेक्षकांस, म्हणजे आम्हां सर्वांस, एवढेच: एक मिळाली की हात आवरा. मुलाच्या हातातील वस्तू ओढू नका. फुकट पास घेतला तर सामन्यास जा. जाणे होत नसेल तर तो दुसऱ्यास द्या, विकू मात्र नका. फेकणारी जीप आली तर जागचे हलू नका. दहा माणसे हात जोडून बसून राहिली, तरी अकराव्यास उठावयाची लाज वाटेल.

पुढील सामन्यास आम्ही जाणार आहोत. ती टोपी बरोबर नेणार आहोत, आणि ज्याने फेकली त्याच्या हातात परत देणार आहोत. आमच्या वाचकांपैकी चौघे-पाच जण बरोबर आले, तर त्या मुलाच्या मोडलेल्या हाताचे थोडे तरी ऋण फिटेल.