सायकलवर एकटी

आमच्या परिचयाच्या एका पालकांनीं परवां आम्हांस पेंच घातला. त्यांची अकरावींतील कन्या नाताळच्या सुटींत सायकलीमागें राहुटी बांधून प्रवरेच्या कांठाकांठानें एकटीच जाऊं इच्छिते. परवानगी द्यावी काय? हें खूळ तिच्या डोक्यांत शिरलें तें तैवान बेटाची हकीकत वाचून.

कर्कवृत्त ज्याच्या मधून जातें त्या या बेटास सायकलनें वळसा घालणें ही तेथील तरुणांची रूढीच होऊन बसली आहे. फेरी सुमारें साडेनऊशें किलोमीटरांची. एकीकडे डोंगर, दुसरीकडे प्रशांत महासागर, अशा पूर्व किनाऱ्यावरून कित्येक जण तंबू घेऊन एकटेच जातात. सायकल कारखानदार किंग लिऊ यांनीं २००७ सालीं, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षीं, ही प्रदक्षिणा पुरी केली. आम्हांस मात्र निराळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. वाटेवरील पोलीस चौक्यांतून सायकलस्वारांसाठीं पिण्याचें पाणी व हवा भरण्याचा पंप ठेविलेला असतो. एकट्या मुसाफिराचें अर्धें धैर्य त्या पंपांत आहे!

धैर्याची वानवा आपल्याकडेही नाहीं. १९२३ सालीं मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर निघाले. पैकीं आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा हे तिघे पृथ्वीप्रदक्षिणा करून १९२८ सालीं परतले. २०१८ सालीं पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी या वीस वर्षांच्या विद्यार्थिनीनें ऑस्ट्रेलियांतील पर्थहून निघून १५९ दिवसांत सुमारें २९,००० किलोमीटर मार्ग आक्रमिला, आणि तोही बहुतांशीं एकटीनें. कॅनडांत अस्वल मागें लागलें, स्पेनमध्यें सुऱ्याचा धाक दाखवून तिला लुटण्यांत आलें, रशियांत बर्फांत तंबू ठोकून तिनें रात्री काढिल्या. तेव्हां पालकांची भीति खोटी आहे असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. लुटारू खरा होता, अस्वलही खरें होतें.

आपल्या भागांत अस्वल नाहीं, पण बिबट्या आहे. राहुरी-संगमनेरकडील उसाच्या फडांत त्यानें घर केलें आहे. फडाच्या बांधावर राहुटी ठोकणें हें धाडस नव्हे, अविचार होय. दुसरें संकट त्याहून मोठें, तें गळिताच्या हंगामाचें. शिगोशीग भरलेली, मागें दिवा नसलेली उसाची ट्रॉली अंधारांत दिसत नाहीं. नाताळांत हवा सुखद खरी, पण हंगामही ऐन भरांत असतो. म्हणून दिवेलागणीपूर्वीं रस्ता सोडावा, मग त्या दिवसाचा बेत अपुरा राहिला तरी चालेल.

मार्ग मात्र मुलीनें नामी निवडला आहे. रतनगडाच्या कुशींत उगम पावलेली प्रवरा, १९२६ सालीं पुऱ्या झालेल्या भंडारदरा धरणांतून निघून, संगमनेर, बेलापूर, नेवासें करीत टोक्यास गोदावरीला मिळते. ज्या पाण्यावर आपला ऊस वाढला तें कोठून येतें हें डोळ्यांनीं पाहणें भूगोलाच्या दहा धड्यांहून बरें. (भूगोलाच्या शिक्षकांनीं क्षमा करावी.)

‘जायचेंच तर मैत्रिणी कां नेऊं नयेत?’ असें त्या गृहस्थांनीं विचारिलें. खुशाल न्याव्यात, पण तो प्रवास वेगळा. चौघींत जी धीट, ती ठरविते आणि बाकीच्या मागें जातात. एकटीला मात्र सारें स्वतःच ठरवावें लागतें: थांबावें कोठें, विश्वास कोणावर टाकावा, आणि सर्वांत अवघड म्हणजे आज परत फिरावें काय. घरीं आपण मुलांसाठीं इतकें कांहीं ठरवून ठेवितों कीं, असा प्रश्न त्यांच्या वाट्यास वर्षानुवर्षें येत नाहीं. मुलींच्या तर नाहींच नाहीं.

आम्हीं त्यांस सांगितलें तें इतकेंच: आधीं दोन रात्री तिला अंगणांत राहुटींत निजूं द्या, पंक्चर स्वतः काढतां येतें काय तें पाहा, रोज सायंकाळीं मुक्कामाचें गांव कळविण्याचें वचन घ्या, आणि मग जाऊं द्या. प्रवरेकांठीं राहणाऱ्या आमच्या वाचकांस विनंति अशी कीं, एखादी घामाघूम मुलगी शाळेच्या आवारांत राहुटीपुरती जागा मागूं लागल्यास ‘एकटीच कशी?’ हा प्रश्न सकाळपर्यंत राखून ठेवावा, व आधीं तिला पाणी द्यावें.